चर्चमध्ये आपलं काम काय? नाशिकच्या सर्वसामान्य ख्रिस्ती सभासदांचे नेहमीचे प्रश्न

उपासना संपली की चर्चच्या आवारात चहा घेताना काही प्रश्न हमखास निघतात. कमिटीच्या बैठकीत मात्र ते कोणी काढत नाही. असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिणारा पाळक नाही आणि फादरही नाही. मंडळीचा पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या वह्या सांभाळणारा माणूस आहे. शरणपूर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प, इगतपुरी, मनमाड इथे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, मेथडिस्ट आणि स्वतंत्र मंडळ्या शेजारी शेजारी नांदतात. त्यांच्या रीती सारख्या नाहीत. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

सर्वसामान्य सभासद म्हणजे नेमकं कोण?

बाप्तिस्मा झालेला, पण दीक्षाविधी, म्हणजे पाळक किंवा धर्मगुरू म्हणून नेमण्याचा विधी, न झालेला प्रत्येक जण. कॅथलिक मंडळी प्रापंचिक म्हणतात ते हेच. सिस्टरांचा दीक्षाविधी होत नाही, पण त्या व्रतस्थ असल्यामुळे त्यांना प्रापंचिकांत धरत नाहीत. पाळकांच्या पत्नी मात्र सर्वसामान्य सभासदच. महिला मंडळ, शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा), आजाऱ्यांच्या भेटी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक त्यांच्यावर टाकताना हे कोणाच्या लक्षात राहत नाही, ते वेगळं.

चर्चच्या कामात आपल्याला खरोखर अधिकार आहे, की पाळकांनी दिलं तेवढंच काम आपलं?

अधिकार आहे आणि तो बाप्तिस्म्यातून येतो. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सगळ्या विश्वासणाऱ्यांना 'राजकीय याजकगण', म्हणजे राजाचे याजक, म्हटलं आहे. पत्र मंडळ्यांमधल्या सगळ्यांना लिहिलेलं आहे, फक्त पुढाऱ्यांना नाही. मार्टिन लूथरने 1520 साली हाच धागा धरला आणि प्रोटेस्टंट परंपरा त्यावर उभी राहिली. कॅथलिक चर्चमध्ये ही गोष्ट ठळकपणे पुढे आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत. चर्चविषयीच्या 1964 सालच्या दस्तऐवजात प्रापंचिकांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि 1965 साली तर त्यांच्या कार्यावर वेगळा दस्तऐवजच निघाला.

तरीही आपल्याकडे 'फादरना मदत करतो', 'पाळकसाहेबांचा भार हलका करतो' ही भाषा काही जात नाही. ती नम्रतेची वाटते, पण तिच्या आड जबाबदारी टाळायची सोय असते. मदतनीस कधीही थांबू शकतो. ज्याचं काम आहे त्याला थांबता येत नाही.

मग दीक्षित आणि अदीक्षित यांत फरक काय राहिला?

राहिला, आणि तो पुसायचं कारण नाही. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) अर्पण करणं आणि पापनिवेदन ऐकून क्षमा देणं हे फक्त धर्मगुरूचं काम. मिस्सातलं प्रवचनसुद्धा धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित) यांच्याकडेच राखलेलं आहे. सीएनआयमध्ये प्रभुभोजनाचा विधी प्रेसबिटर (दीक्षित पाळक) किंवा बिशप चालवतात. स्वतंत्र मंडळ्यांत नियम सैल असतात. कधी इतके सैल, की ज्याच्या घरात सभा भरते तोच पाळक, खजिनदार आणि विश्वस्त होऊन बसतो. दीक्षितांच्या उतरंडीला कंटाळून तिकडे गेलेल्यांना मग एकाच माणसाची उतरंड मिळते आणि तिला अपीलही नसतं.

नाशिकमध्ये अशा कामाची काही परंपरा आहे का?

आहे, आणि आपण समजतो त्याहून जुनी. सीएनआयचा नाशिक धर्मप्रांत मूळ अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला), 1929 साली स्थापन झालेला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आलं तेव्हा तो त्यात सामील झाला. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत तर 1987 सालचा. पुणे धर्मप्रांतातून तो वेगळा झाला आणि थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले. म्हणजे नाशिकला स्वतःचा बिशप मिळाला विसाव्या शतकात. ख्रिस्ती वस्ती त्याआधीची. चर्च मिशनरी सोसायटीचं शरणपूर 1850च्या दशकात वसलं. वर बिशप लांब मुंबईला आणि मिशनरी मोजके. मग रोजचं काम कोण करत होतं? गावचे मास्तर, कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे) आणि बायबल स्त्रिया.

मास्तर म्हणजे एका खोलीची शाळा चालवणारा माणूस. सकाळी मुलांना बाराखडी, संध्याकाळी मोठ्यांना प्रार्थना, रविवारी उपासना. पत्र आलं तर तोच वाचून दाखवणार, मामलेदार कचेरीत अर्ज तोच लिहून देणार. बायबल स्त्रिया घरोघर माजघरापर्यंत जायच्या, जिथे मिशनरी साहेबाला पाऊल टाकता येत नव्हतं. त्यांची नावं अहवालांत क्वचितच आली. आजच्या कित्येक मंडळ्यांची मुळं मात्र या लोकांच्या ओसरीवर सापडतात.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म इथलाच, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचं येशूच्या जीवनावरचं काव्य 'ख्रिस्तायन' 1919 साली त्यांच्या निधनामुळे अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टिळक दीक्षित पाळक होते. लक्ष्मीबाईंचं शाळेत जाऊन शिक्षणही झालं नव्हतं. स्वतः टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्हींना त्यात जागा असावी असा त्यांचा विचार होता. हे आजही अनेकांच्या घशाखाली उतरत नाही. पण सभासदत्वाच्या वहीपेक्षा ख्रिस्तानुयायांचा परिवार मोठा असतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी बोलून दाखवलं.

पाळक बाहेरगावी आहेत आणि घरात मृत्यू झाला. अंत्यविधी कोण करणार?

शक्य असेल तर शेजारच्या मंडळीच्या पाळकांना किंवा फादरना बोलवा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. कोणीच मिळत नसेल तर मंडळीतला वडीलधारा सभासद शास्त्रवाचन आणि प्रार्थना करून मातीचा विधी करू शकतो. कॅथलिक चर्चमध्येही धर्मगुरू नसताना प्रापंचिकाने अंत्यविधीच्या प्रार्थना चालवण्याची तरतूद आहे, मिस्सा तेवढी नंतर होते. दफनभूमीची पावती, मृत्यूचा दाखला आणि रजिस्टरमधली नोंद या गोष्टी विसरू नका. पाळक आल्यावर नोंदीवर त्यांची सही घ्या.

याचा एक दाखला शरणपूरचाच आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं त्या काळी शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवली जात. तिथे ती अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत चितांबोच्या गावात वारला तेव्हा आसपास कोणी पाळक नव्हता. सुसी, चुमा आणि इतर साथीदारांनी त्याचं हृदय झाडाखाली पुरलं, आणि प्रार्थनापुस्तकातून दफनविधी वाचला तो नाशिकला शिकलेल्या वेनराइटने. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. नंतर ते लोक देह घेऊन समुद्रकिनाऱ्यापर्यंत चालत गेले. 1874 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत लिव्हिंग्स्टनला पुरताना शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता. शरणपूरच्या या आफ्रिकन ख्रिस्ती लोकांपैकी कितीतरी जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउनला गेले आणि तिथली मंडळी त्यांच्यामुळे उभी राहिली. आपल्या शब्बाथ शाळेत लिव्हिंग्स्टन शिकवतात. वेनराइट शिकवत नाहीत.

बाळ अत्यवस्थ आहे. बाप्तिस्मा आपण देऊ शकतो का?

हो. मरणाचा धोका असेल तर कोणीही देऊ शकतो, नर्ससुद्धा. कपाळावर पाणी ओतत 'मी तुझा बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने करतो' एवढं म्हणायचं. कॅथलिक नियमानुसार असा बाप्तिस्मा देणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी चालतो, चर्च जे करतं ते करण्याचा त्याचा हेतू हवा. बाळ बरं झालं तर चर्चमध्ये स्वागताचा विधी होतो. पाणी पुन्हा ओतत नाहीत.

लग्न लावता येतं का?

नाही. इथे भावनेला जागा नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम 1872 प्रमाणे ज्याला अधिकार आहे त्यानेच लग्न लावायचं: दीक्षित धर्मगुरू, परवानाधारक पाळक, विवाह निबंधक, किंवा भारतीय ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचं प्रमाणपत्र देण्याचा शासनाचा परवाना असलेली व्यक्ती. हा शेवटचा परवाना अदीक्षित ख्रिस्ती माणसालाही मिळू शकतो, पण तो हातात असल्याशिवाय नाही. अधिकार नसताना लग्न लावलं तर दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. गावोगाव फिरून लग्नं लावणाऱ्या 'ब्रदर' मंडळींकडे परवाना बघायला मागा. पुढे पासपोर्ट, पेन्शन किंवा वारसाचा प्रश्न आला की सगळं त्या एका कागदावर येऊन अडतं.

आजाऱ्याला घरी कम्युनियन (प्रभुभोजनाची भाकर) कोणी न्यावं?

कॅथलिकांत बिशपांच्या परवानगीने नेमलेले प्रापंचिक सेवक नेऊ शकतात. सीएनआयमध्ये आपल्या प्रेसबिटरना विचारा.

बायकांना उपदेश करता येतो का?

प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोससारख्या विद्वानाला घरी नेऊन नीट समजावणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्ला आहे, आणि हे जोडपं तंबू शिवून पोट भरत होतं. तेव्हा 'शास्त्रात नाही' असं म्हणणाऱ्यांनी आधी शास्त्र उघडावं.

आजचे नियम असे: सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षाही मिळते, मग उपदेशाचा प्रश्नच नाही. कॅथलिक चर्चमध्ये मिस्साबाहेरच्या सभा, रिट्रीट, प्रार्थनागट इथे प्रापंचिक बोलू शकतात, बाई असो वा पुरुष. वाचक आणि वेदीसेवक ही पदं 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांसाठी औपचारिकपणे खुली केली. त्याच वर्षी कॅटेकिस्टचं पदही अधिकृत सेवा म्हणून मान्य झालं. मास्तर आणि बायबल स्त्रियांनी दीडशे वर्षं केलेल्या कामाला रोमने दिलेली ही पावती, असं मला वाटतं.

घरसभा सुरू करायची आहे. काय लक्षात ठेवावं?

अंबड-सातपूरच्या शिफ्ट सांभाळणाऱ्यांना रविवार सकाळ मिळेलच असं नसतं. म्हणून त्या भागात घरसभा टिकल्या आहेत. दोन खोल्यांच्या घरात कॉट उभी करून जागा केलेली, दाराबाहेर चपलांचा ढीग, कोणीतरी ढोलकी आणलेली, आणि पहिल्या पाळीचा माणूस प्रार्थनेत डोळे मिटल्यावर खरंच झोपलेला. भजन टिळकांचं, चाल अभंगाची, टाळ शेजारच्या वारकरी काकांकडून मागून आणलेले. अशा सभेत जे मोकळेपणाने बोललं जातं ते चर्चच्या बाकांवर बोललं जात नाही: नोकरी गेलेली, मुलाचं दारूचं व्यसन, सुनेचं माहेरी निघून जाणं.

आता पथ्यं. सभा तासाभरात संपवा. स्पीकर लावूच नका. रात्री दहानंतर तर कायद्यानेही चालत नाही. घरमालक आणि शेजारी यांना आधी सांगून ठेवा. पैसे गोळा केले तर त्याच वेळी दोघांनी मोजून वहीत लिहा. आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याची गोळी बंद करायला सांगू नका, कोणी सांगत असेल तर तिथेच थांबवा. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे, पण कायदा नसता तरी इन्शुलिन बंद करायला लावणं हे पापच. वैद्य लूक हा येशूच्या चरित्रकारांपैकी एक होता, याची अशा वेळी आठवण करून द्यावी.

कमिटीत निवडून यायचं आहे. तयारी काय?

आधी स्वतःला विचारा, कशासाठी. सीएनआयमध्ये पास्टरेट कमिटी, म्हणजे स्थानिक मंडळीची समिती, असते. प्रेसबिटर तिचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार सभासदांतले. वर डायोसिझन कौन्सिल (धर्मप्रांताची सभा) आणि सिनड (सगळ्या सीएनआयची सभा), तिथेही सभासदांचे प्रतिनिधी असतात. कॅथलिक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असा 1983च्या कॅनन कायद्याचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याचा, नियम आहे (कॅनन 537). पॅरिश कौन्सिल बिशपांना योग्य वाटेल तिथे (कॅनन 536), आणि तिचं मत सल्ल्यापुरतं.

निवडणुकीच्या महिन्यात आपल्याकडे जे चालतं ते नगरसेवकांनाही शिकण्यासारखं असतं. घराणी, गाववाले, 'आपला माणूस'. निवडून आल्यावर मात्र रविवारी अर्पण मोजायला कोणी थांबत नाही. ते काम असं: उपासनेनंतर मागच्या खोलीत थैल्या उलट्या करायच्या. घडी घालून चिमुकली केलेली पाचशेची नोट उलगडायची, दहाच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करायच्या, लहान मुलांनी टाकलेली नाणी वेगळी लावायची. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या, आणि सोमवारी बँकेत भरणा. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने खजिनदार होऊ नये.

हिशेब विचारला की 'तुमचा विश्वास कमी आहे' असं ऐकवतात.

त्यांना पौलाचं करिंथकरांना दुसरं पत्र दाखवा, आठवा अध्याय. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली देणगी नेताना पौलाने सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला, कोणी दोष देऊ नये म्हणून. प्रेषिताला जे चाललं ते आपल्या पदाधिकाऱ्यांना चालायला हरकत नसावी.

कायद्याचं सांगायचं तर चर्च किंवा त्याची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदलेली असेल, तर हिशेब दरवर्षी तपासले गेले पाहिजेत. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. जमीन किंवा इमारत विकायची तर कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शहरातल्या जुन्या मिशनच्या जागांना आज काय भाव आहे हे बिल्डरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून हे कलम पाठ असावं. आपल्या ट्रस्टचा नोंदणी उतारा धर्मादाय कार्यालयात अर्ज करून मिळतो. तो आधी काढा, मग बोला. अर्ध्या अफवा उतारा पाहिल्यावरच मिटतात. उरलेल्या अर्ध्यांसाठी वकील लागतो.

पाळकांचं म्हणणं पटलं नाही तर?

सांगावं. कॅनन 212 तर स्पष्ट म्हणतं की आपलं ज्ञान आणि योग्यता यांनुसार चर्चच्या हिताबद्दलचं मत पुढाऱ्यांना कळवणं हा सभासदांचा हक्क आहे, कधी कधी कर्तव्यही. पंडिता रमाबाईंनी 1880च्या दशकात इंग्लंडमध्ये अँग्लिकन सिस्टरांशी केलेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. बाप्तिस्मा नुकताच झालेला, राहणं त्यांच्याच आश्रयाला, तरी त्यांनी कळवलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण धर्मगुरू आणि बिशप यांच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं करणारी आणि बायबलचं मराठी भाषांतर करणारी ही बाई कधीही दीक्षित नव्हती.

पण रमाबाईंनी पत्र लिहिलं होतं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री बारा वाजता व्हॉइस नोट टाकली नव्हती. तक्रार एका मुद्द्याची ठेवा, तारीख घाला, सही करा, आधी पाळकांना द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर कमिटीला, मग बिशपांच्या कार्यालयाला. निनावी पत्रांची केराची टोपलीच योग्य. लैंगिक छळ किंवा मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मात्र ही पायरी-पायरीची रीत नाही. तिथे थेट पोलीस, आणि मुलांच्या बाबतीत तर पॉक्सो कायदा 2012 प्रमाणे माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. 'मंडळीची बदनामी होईल' हे कारण देणाऱ्याचं ऐकू नका.

शिफ्ट, घर, मुलांच्या परीक्षा. चर्चला वेळच देता येत नाही. मी कमी पडतो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक सगळे आठवडाभर तेच करत असतात ज्यासाठी प्रापंचिक असतात. व्हॅटिकन परिषदेचं म्हणणंच असं होतं की प्रापंचिकांचं खास क्षेत्र म्हणजे जग: कारखाना, बाजार, शाळा, घर, राजकारण. तिथे फादर पोचत नाही. कामगाराच्या बोटाला मशीन लागल्यावर रजिस्टरमध्ये खरं काय ते लिहिणारा सुपरवायझर, लासलगावच्या बाजारात वजनाला खोट न करणारा व्यापारी, सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला वारस नसलेल्या पेशंटची चादर बदलणारी नर्स. यांचं काम चर्चच्या वार्षिक अहवालात येत नाही, कारण अहवाल आवारापुरता असतो. आपण 'सेवा' म्हटलं की गायनमंडळ, स्टेज सजावट आणि ख्रिसमसचं जेवण एवढंच मोजतो. फिलिप्पैची लुदिया जांभळं कापड विकत होती. पौलाच्या मंडळीला तिचं घर मिळालं ते त्या धंद्यामुळे.

एवढं मात्र खरं, की अधूनमधून रविवारी आलात तर बरं. अर्पण मोजायला दुसरा माणूस लागतो.

संत होण्यासाठी फादर किंवा सिस्टर व्हावं लागतं का?

नाही. देवसहायम पिल्लई संसारी गृहस्थ होते. 2022 साली त्यांना संत घोषित केलं गेलं. वसईचे गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन ब्रदर होते, धर्मगुरू नव्हते. 1597 साली जपानमध्ये नागासाकीला ते हुतात्मा झाले.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला प्रोटेस्टंटांनी जावं का?

फेब्रुवारीत सगळं नाशिक जातं, हिंदू शेजारी नवस फेडायला जातात. तुम्ही गेलात तर पाळक विचारतील, एवढंच. रांगेत पाणी वाटायला माणसं कमी पडतात, तिथे पंथ विचारत नाहीत.

नोकरी सांभाळून धर्मशास्त्र शिकता येईल का?

येईल. पुण्यात कॅथलिकांचं ज्ञानदीप आणि प्रोटेस्टंटांचं युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. सेरामपूर विद्यापीठाचे ख्रिस्ती अध्ययनाचे अभ्यासक्रम घरी राहून करता येतात आणि ते मुख्यतः सर्वसामान्य सभासदांसाठीच आखलेले आहेत. प्रवेशाला मंडळीचं शिफारसपत्र मागतात. ते पाळकांकडून महिनाभर आधी मागून घ्या, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या दारात उभे राहू नका.